पेटीने कधी विचारलंच नाही

चिकुनगुनियाने मला दहा दिवस आडवं केलं होतं. उठून सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा कळलं, आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट शुक्रवारीच संपलंय. त्याची मुदत वाढवायचं काम माझं एकटीचं होतं. म्हणजे शनिवारपासून गावातल्या वीसच्या वीस पेट्यांनी आमच्या सर्व्हरला दारातसुद्धा उभं करायला नको होतं. मी घाईघाईने स्क्रीन उघडला. शनिवारी सरांनी नवा प्रोग्रॅम ठेवला होता आणि वीसही पेट्यांनी तो मुकाट्याने घेतला होता. वीस हिरव्या खुणा ओळीने दिसत होत्या. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं, मी त्या पुन्हा एकदा मोजल्या.

पेट्या कसल्या, ते आधी सांगते. संगमनेर तालुक्याच्या पठारावरचं एक गाव आहे. त्या गावाने नदीचं पाणी सामाईक मोटारीने वर उचललेलं आहे. वर पाईपलाईन, तिच्यावर वीस झडपा आणि प्रत्येक झडपेमागे एकेकाचं शेत. पाणी पाळीने मिळायचं. पूर्वी एक पाटकरी सायकलवरून फिरून झडपा उघडायचा नि बंद करायचा. त्याचे गुडघे गेले आणि गावात पाण्यावरून रोज जुंपायला लागली. मग पाणी कमिटीने आम्हाला बोलावलं. आम्ही प्रत्येक झडपेवर एक लोखंडी पेटी बसवली. पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. ज्याची पाळी त्याची झडप पेटी आपोआप उघडणार, वेळ संपली की बंद करणार.

आम्ही म्हणजे सर आणि मी. सरांनी मला पॉलिटेक्निकला शिकवलं होतं. नंतर नोकरी सोडून त्यांनी नाशिक-पुणे रस्त्याला खताच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि पहिला फोन मला केला. आमच्या वर्गात पोरी चारच होत्या आणि त्यांच्याकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती. सर मात्र मला फळ्याजवळ उभं करून अवघड प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत खाली बसू द्यायचे नाहीत. मला जे काही येतं ते त्या माणसामुळे येतं. हे मी रागातसुद्धा नाकारत नाही, त्यानेच तर जास्त चिडायला होतं.

पेट्यांमधला प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातून जायचा. प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात भरून ठेवतात. आमच्या धंद्यात त्याला कंटेनर इमेज म्हणतात आणि असे डबे ठेवायच्या कोठाराला रजिस्ट्री. आमचं कोठार खासगी होतं, आमच्याच सर्व्हरवर. पेटीला वीज मिळाली की ती आधी सर्व्हरला विचारणार, तू कोण? सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवणार. ते ओळखीचं निघालं तरच पेटी डबा घेणार. मोठ्या कंपन्यांची सर्टिफिकेटं जगातली सगळी यंत्रं ओळखतात. आमचं घरचं, त्याला कोण ओळखणार? म्हणून त्याची खूण प्रत्येक पेटीत हाताने बसवावी लागते. ते मी केलं. लॅपटॉप पाठीला लावून वीस बांधांवर बसून केलं. एका बांधावर काटेरी बाभळीने माझी नवी ओढणी फाडली, दुसऱ्यावर कुत्रं मागे लागलं. पण प्रत्येक पेटीने पहिल्यांदा सर्व्हरला ओळखलं की मला मनातून बरं वाटायचं.

त्यानंतर महिनाभर पेट्यांची चाचणी चालली. त्यातच माझ्या बहिणीचं लग्न आलं आणि मी चार दिवस रजेवर गेले. परत आले तर सर म्हणाले, "तू नव्हतीस तेव्हा पेट्या नवी इमेज घेत नव्हत्या. मी जाऊन आलो. रेंजचा प्रॉब्लेम होता, सुटला." मी मान डोलावली. सरांनी सुटला म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

महिना संपला तशी गावाने खंडोबाच्या देवळात बैठक बोलावली. पेट्या कायमच्या ठेवायच्या की काढून टाकायच्या हे ठरायचं होतं. मोटारीजवळच्या लोकांचा शेवटच्यांवर विश्वास नव्हता, शेवटच्यांचा मोटारीजवळच्यांवर नव्हता आणि दोघांचाही आमच्यावर. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या कुनी दुसऱ्यानंच तुमचं नाव सांगून पेटीत कायतरी घातलं, मंग? पाळी त्याचीच व्हनार की!" प्रश्न अगदी नेमका होता. इंजिनिअरिंगच्या पोरांना सुचत नाही असा. मी सर्टिफिकेटचं सगळं समजावून सांगितलं. अनोळखी सर्व्हरला पेटी दारात उभं करत नाही आणि कुठे काही बिनसलंच तर पेटी आधी आमच्याकडे बोंब मारते, असंही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हातारे म्हणाले, "आमाला यातलं काय कळत न्हाई. बेल-भंडारा उचला, म्हंजी झालं."

त्या भागात हा शेवटचा शब्द असतो. देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणसाने सांगितलं की पुढे कुणी शंका काढायची नाही. मी सरांकडे पाहिलं. सर देवभोळे. जेजुरीचा खंडोबा त्यांचं कुलदैवत, ऑफिसात खुर्चीवर बसायच्या आधी फोटोला हात जोडणार. मला वाटलं, तेच उचलतील. ते म्हणाले, "तू उचल. काम तू केलंयस."

आमचं घर ख्रिस्ती. चार पिढ्यांपासून मास्तरकी करणारं. आमच्याकडे कुणीच कशाची शपथ घेत नाही. लहानपणी मी एकदा "आईशप्पथ" म्हणाले तर वडिलांनी मला अख्खी दुपार ओसरीवर बसवून ठेवलं होतं. पण त्या दिवशी सरांच्या त्या वाक्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षं मास्तर असलेला माणूस भर बैठकीत काम माझं म्हणून सांगतोय, हे काय थोडं होतं? मी बेल-भंडारा उचलला. मोठ्याने म्हणाले, "आमच्याशिवाय कुणाचंही काही पेटी घेणार नाही आणि पेटी खोटं सांगणार नाही." घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते चिडले नाहीत. "आता ते खरं ठेवणं तुझ्यावर आलं," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पाईपलाईनच्या अगदी टोकाला, टेकडीमागच्या खोलगट भागात एका मावशींचं शेत होतं. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, शेत त्या एकट्याच करायच्या. पेट्या बसल्यावर तीन-चार महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "पोरी, माजं पानी तासभर उशिरा सुटतंय. मोटार चालू झाली की मी घड्याळ बगून बसती." मी ऑफिसातल्या नोंदी पाहिल्या. सहाची पाळी, झडप सहाला उघडली, असंच सगळीकडे होतं. मी त्यांना तसं सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या. मग मी कागद छापून नेले आणि कमिटीसमोर वाचून दाखवले. तरी त्या हट्टाने मान हलवत राहिल्या तेव्हा माझा पारा चढला. "मावशी, तुमचं घड्याळ मागे-पुढे होत असेल. पेटी खोटं बोलत नाही," मी म्हणाले. चारचौघे हसले. त्यानंतर त्या कधी तक्रार घेऊन आल्या नाहीत. मला वाटलं, पटलं.

तर तो सोमवार. वीस हिरव्या खुणांसमोर मी बसलेली. मुदत संपलेलं सर्टिफिकेट पेट्यांनी चालवून घेतलं याचा अर्थ एकच होता, पेट्या ते बघतच नव्हत्या. मी ऑफिसातूनच एका पेटीत शिरले आणि तिच्या सेटिंगची फाईल उघडली. तिच्यात एक ओळ होती, मी न लिहिलेली. त्या ओळीत आमच्या रजिस्ट्रीचा पत्ता आणि त्याला लागून सूचना: इथून येणारं काहीही न तपासता घ्यावं. दुसरी पेटी उघडली, तीच ओळ. विसाव्या पेटीपर्यंत तीच. मी बांधाबांधावर बसून बसवलेल्या खुणा आत तशाच होत्या, कुणी पुसल्या नव्हत्या. फक्त कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

फाईलवर तारीख होती. माझ्या बहिणीच्या हळदीचा दिवस. म्हणजे देवळातल्या बैठकीच्या आधीचा.

सर आले, हात जोडले, खुर्चीवर बसले. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक नजर टाकली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणाले, "अगं, ते तात्पुरतं होतं. काढायचं राहिलं."

"का केलं?"

"वीज जाऊन आली की पेट्या आपलंच सर्टिफिकेट नाकारत होत्या. म्हणत होत्या, याची मुदत अजून सुरूच झालेली नाही."

ते ऐकलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. सर्टिफिकेटची मुदत अजून सुरू झाली नाही असं यंत्र कधी म्हणेल? त्याचं स्वतःचं घड्याळ कित्येक वर्षं मागे असेल तेव्हा. वीज गेल्यावर घड्याळ चालू राहावं म्हणून बोर्डावर बटणाएवढा एक सेल लागतो. "सेल नाहीत?" मी विचारलं. सर म्हणाले, "बोर्ड आले तेव्हाच जागा रिकामी होती. मला आधी लक्षात आलं नाही. तोवर पेट्या बसल्या होत्या. वीसच्या वीस पुन्हा उघडायच्या म्हणजे गावाला सांगावं लागलं असतं की पेट्यांत दोष आहे. शेजारचं गाव आपल्याकडेच बघत होतं, त्यांचं काम हातचं गेलं असतं. आणि तसं अडत कुठे होतं? मोबाईलच्या रेंजवरून पेटीला खरी वेळ मिळतेच की."

"रेंज नसेल तिथे?"

सर चष्म्याची तीच काच पुन्हा पुसायला लागले.

शेतीची वीज ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी जाते. वीज आली की मोटार आणि पेट्या बरोबरच सुरू व्हायच्या. मावशींची सहाची पाळी नेमकी तेव्हाचीच. प्रत्येक पेटी उठायची ती जुन्या तारखेला, आणि खरी वेळ कळेपर्यंत झडप बंदच ठेवायची. माळावरच्या पेट्यांना मिनिटाभरात वेळ मिळायची. टेकडीमागच्या खोलगटात रेंज मधूनच कधीतरी यायची. त्या पेटीला तास लागायचा. आणि नोंदीत सहाच दिसायचे, कारण त्या रकान्यात झडप खरी कधी हलली ते नव्हे, पाळीची ठरलेली वेळ लिहिली जायची. तो रकाना मी केला होता. ती चूक माझी आहे, मी ती सरांवर ढकलत नाही. पण ती पेटी रोज उठून आमच्याकडे बोंब मारणार होती की माझी वेळ बिघडलीय. सर्टिफिकेट नाकारणं म्हणजे तेच तर होतं. सरांनी तिचं तोंड बांधलं, आणि मी भर बैठकीत ती खोटं बोलत नाही म्हणून सांगितलं.

मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. "सर, हे सगळं तुम्हाला माहीत असताना भंडारा मला का उचलायला लावलात?"

त्यांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हाताने ते झालं नसतं. तुझा काही त्या देवावर विश्वास नाही. म्हटलं, तुला ती शपथ लागणार नाही."

मी आयुष्यात पुष्कळांशी भांडले आहे. रिक्षावाल्यांशी, बँकेतल्या कारकुनांशी, एकदा तर पाद्र्यांशीसुद्धा. सरांशी मात्र भांडले नाही, लॅपटॉप मिटला. ज्याने मला उत्तर येईपर्यंत खाली बसू दिलं नाही, त्या माणसाने मला खोट्यासमोर उभं केलं होतं आणि स्वतः बाजूला सरकला होता. काम तू केलंयस, हे वाक्य मी वर्षभर दागिन्यासारखं मिरवलं होतं. ते कौतुक नव्हतंच. त्यांना फक्त दुसऱ्याचा हात हवा होता.

सर म्हणाले, "गावात बोलू नकोस. मी दोन दिवसांत गुपचूप सेल बसवून घेतो, ती ओळही काढतो. कुणाला कळायचं कारण नाही." त्यांना खरंच वाटत होतं की ते मला वाचवतायत. मी पिशवी उचलली आणि खाली उतरले. त्या ऑफिसात मी परत गेले नाही. त्यांचे फोन येत राहिले, मी घेतले नाहीत. दिवाळीला त्यांचा मेसेज येतो, तो मी वाचते आणि उत्तर न देता पुसून टाकते.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या अध्यक्षांना फोन करून मी गावात गेले. तेच देऊळ, तीच माणसं. मी उभी राहून सांगितलं. सेल नव्हता, तपासणी बंद होती, माझ्या नोंदी चुकीच्या होत्या, मी उचललेला भंडारा खोटा होता. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य मी घरून घोकून आले होते. पण बोलताना ते निघालंच नाही. त्यांच्या दृष्टीने त्याने काय फरक पडणार होता? मग मी मावशींकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं घड्याळ बरोबर होतं. चुकले मी."

मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी पदर सावरला. मग उठल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल. हे त्याला सांग."

"कुणाला?"

"माज्या दिराला."

रस्त्यात त्यांनी सांगितलं. त्यांच्या शेताला लागून दिराचं शेत, त्यांच्या आधीची झडप त्याची. नवरा गेल्यावर याच दिराने त्यांची नांगरट केली होती, मुलाचं शिक्षण बघितलं होतं. झडपेला अडीअडचणीला हाताने फिरवायचा एक दांडा असतो. "तू म्हनलीस पेटी खोटं बोलत न्हाई," मावशी म्हणाल्या. "देवाफुडं म्हनलीस. मंग पानी जातंय कुटं? पेटी खरी, तर मानूसच खोटा आसनार. मी इचार करकरून त्याचंच नाव घेतलं. चार मान्सांत म्हनले, तू दांडा फिरवून माजं पानी पितोस." त्या चालत होत्या आणि मी त्यांच्या मागे. "त्याच्या पोरीच्या लग्नाला बी गेले न्हाई मी," त्या म्हणाल्या.

दीर गोठ्यासमोर घासाची पेंढी सोडत होते. साठीचा, वाळकुडा माणूस. मावशी अंगणाच्या कडेलाच थांबल्या. मी पुढे जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त सावकाश. दांडा कुणी फिरवला नव्हता, पेटीच उशिरा उघडत होती, दोष आमचा होता, मावशींचा नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर विळा बाजूला ठेवला.

"मॅडम, तुमच्या पेटीवर माजा राग न्हाई," ते म्हणाले. "पेटी मला कुटं वळखत हुती? ती बोलली नि चुकली, जाऊ द्या. वैनी तीस वर्सं वळखती मला." मग माझ्या खांद्यावरून अंगणाच्या कडेला बघत, आवाज न चढवता म्हणाले, "तिनं घरी येऊन एकदा नुस्तं इचारायचं हुतं."

दिरांनी पेंढी उचलली आणि ते गोठ्यात गेले.